वालाची खिचडी: डाळिंब्या अखंड आणि तरीही मऊ राहाव्यात, यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्याकडे पंधरा-सोळा माणसे जेवायला येणार आहेत. पानात मुख्य पदार्थ म्हणून वालाची खिचडी, सोबत ताकाची कढी, पोह्याचे पापड आणि वरून साजूक तूप, एवढेच ठेवायचे माझ्या मनात आहे. ही खिचडी नीट जमली तर पोटभरीच्या जेवणाला आणखी कशाची गरज भासत नाही, असे मला अगदी मनापासून वाटते. घरच्या चौघांपुरती ती उत्तम होते. परंतु प्रमाण वाढवले की काही डाळिंब्या विरघळून भाताला चिकटतात आणि काहींच्या पोटात कणी राहते.

माझी पद्धत अशी आहे. रायगडकडचे कडवे वाल रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून देऊन, फडक्यात घट्ट बांधून ठेवते. मोड आल्यावर ते कोमट पाण्यात घालते. मग वाल अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबला की साल बोटांत राहते आणि डाळिंबी मोडासकट सुळकन निसटते. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात डाळिंब्या व धुऊन निथळलेले तांदूळ एकत्रच परतते. त्यानंतर गोडा मसाला, तिखट, मीठ, गूळ आणि तांदळाच्या दुप्पट आधणाचे पाणी घालून झाकण ठेवते.

आमच्या इमारतीत बोअरवेलचे पाणी येते आणि ते इतके जड आहे की भांड्यांवर पांढरे डाग पडतात. डाळिंब्या न शिजण्याचे कारण हे पाणी असू शकेल का? तसे असल्यास चिमूटभर सोडा घालणे योग्य ठरेल का? दुसरे असे की, डाळिंब्या वेगळ्या शिजवून नंतर भातात मिसळाव्यात असे काही जण सुचवतात. परंतु मग त्यांचा अर्क भाताच्या शितांत उतरत नाही आणि खिचडीची खरी चव तर त्यातच असते. तांदूळ आंबेमोहर घ्यावा की कोलम, याविषयीही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, तुमचा पाण्याविषयीचा अंदाज योग्य आहे. जड पाण्यातील कॅल्शियममुळे कडधान्यांच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सहजी विरघळत नाही, म्हणून भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी आरओ यंत्राचे किंवा पिण्याचे गोडे पाणी वापरावे. सोडा मात्र घालू नये. त्याने डाळिंबी बाहेरून गळते आणि चवही साबणासारखी लागते. गूळ आणि आमसूल यांमुळेही शिजणे लांबते, तेव्हा गूळ आरंभी न घालता भातातले पाणी आटत आल्यावर थोड्या गरम पाण्यात विरघळवून वरून सोडावा.

डाळिंब्या वेगळ्या शिजवण्याची आवश्यकता नाही. त्या फक्त तांदळाच्या आधी पातेल्यात जायला हव्यात. फोडणीवर त्या अलगद परतून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ द्यावी आणि चिमटीत दाबल्यावर डाळिंबी दबते पण फुटत नाही, अशा बेताला तांदूळ घालावेत. पुढे डाव फिरवायचा नाही. पातेले उंच नको, पसरट घ्यावे, कारण उंच पातेल्यात खालच्या थरावर भार येतो आणि मग ढवळण्याचा मोहही आवरत नाही. पंधरा माणसांसाठी मी तर दोन पातेलीच लावीन. तांदूळ जुना कोलम घ्यावा. आंबेमोहराचा वास सुंदर असला तरी तो लवकर आसट होतो. वाल नव्या हंगामाचे मिळाल्यास फार उत्तम, कारण वर्षभर साठवलेले वाल शिजायला हट्टी असतात आणि एकाच पिशवीत जुने-नवे मिसळलेले असले तर काही विरघळतील, काही कच्चे राहतील.

मूळ लेखिका

मनःपूर्वक आभार. माझ्याकडचे वाल दोन दुकानांतून आणून एकाच डब्यात भरलेले आहेत, तेव्हा आता एकाच पिशवीतले नवे वाल आणीन. एक शंका उरते: डाळिंब्या आदल्या दिवशी सोलून शीतकपाटात ठेवल्या तर चालतील का, आणि ठेवायच्या झाल्यास पाण्यात बुडवून की कोरड्या?

प्रतिसाद

पाण्यात न बुडवता ठेवाव्यात. ओल्या फडक्यात सैलसर गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्यास दुसऱ्या दिवशीपर्यंत त्या चांगल्या राहतात; पाण्यात ठेवल्यास मात्र बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो.