'तुम्ही' म्हणजे आदरच असं नाही

काही जण म्हणतात की 'तू' म्हणजे अनादर आणि 'तुम्ही' म्हणजे आदर. मला हे पटत नाही. सर्वनामाचा अर्थ शब्दात थोडा असतो, बराचसा नात्यात असतो.

माझं आणि धाकट्या भावाचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. एरवी 'ए ताई, फोन उचल ना' म्हणणाऱ्या भावाचा मेसेज आला, 'आपल्याला सवड असेल तेव्हा कळवावे.' एकही शब्द वावगा नव्हता, पण मी तो वाचून रडले. शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. आणि चार दिवसांनी 'अगं, जेवलीस का?' एवढंच आलं. त्या 'अगं'मध्ये माफी मागून झाली होती, वेगळं काही बोलावं लागलं नाही.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली युरोपीय भाषांमधल्या अशाच सर्वनामांबद्दल लिहिलं होतं. तिथे सत्ता आणि जवळीक अशा दोन ओढी त्यांनी दाखवल्या. मालक नोकराला एकेरी हाक मारतो पण नोकर तशी मारू शकत नाही, ही सत्ता. दोघंही एकमेकांना एकेरी बोलावतात, ती जवळीक. म्हणून 'तू' कानावर आलं की मी आधी पाहते, समोरच्याला उलट 'तू' म्हणायची मुभा आहे का? जर्मन माणूसही प्रार्थनेत देवाला एकेरीच हाक मारतो, त्यात अनादर कुठे आला?