हडेबेचे क्लब बदलणे हा दोष नव्हे
झिम्बाब्वेचा फुटबॉलपटू टीनेज हडेबे एका क्लबमध्ये फार काळ टिकत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. झिम्बाब्वेतील बुलावायोच्या चिकन इन क्लबमधून दक्षिण आफ्रिकेतील कायझर चीफ्स, २०१९ मध्ये तुर्कस्तानातील येनी मलात्यास्पोर आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन डायनॅमो असा प्रवास केलेल्या या बचावपटूला अमेरिकी लीगमध्ये ‘डेझिग्नेटेड प्लेअर’चा, म्हणजे वेतनमर्यादेपलीकडे मानधन देता येणाऱ्या मोजक्या खेळाडूंचा दर्जा मिळाला, जो सहसा आघाडीपटूंच्याच वाट्याला येतो. खरे नुकसान मायदेशाकडून झाले: सरकारी हस्तक्षेपामुळे फिफाने २०२२ च्या फेब्रुवारीत झिम्बाब्वेला निलंबित केले आणि ते निलंबन जुलै २०२३ पर्यंत टिकल्याने, खेळाडूंचा काडीचाही दोष नसताना, ऐन उमेदीच्या काळात आफ्रिका चषकाची पात्रता फेरी त्याच्या हातून गेली.