व्हीडीएसएल मॉडेमवर पैसे घालावेत का?

वाळपईकर:
दुकानदार म्हणतो, "व्हीडीएसएलच घ्या, वेग चौपट." (फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा हा नवा प्रकार, जुना तो एडीएसएल२+.) माझं घर टेलिफोन एक्स्चेंजपासून तारेच्या मापानं तीन किलोमीटरांवर. मॉडेमच्या पानावर लाइन अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती विरतो ते) ४३ डीबी, वेग ६ एमबीपीएसच्या आसपास. अशा लाइनवर महाग मॉडेम म्हणजे पैसे पाण्यात. एडीएसएल२+ फ्रिक्वेन्सीत २.२ मेगाहर्ट्झवर थांबतं, व्हीडीएसएल२ सहसा १७ पर्यंत जातं, सगळा जोर त्या वरच्या पट्ट्यात. आणि तांब्याची तार लांबली की आधी तोच पट्टा विरतो. एक्स्चेंजमध्ये व्हीडीएसएलचं कार्ड (तिथल्या बाजूचं यंत्र) नसेल तर बोलायलाच नको.

म्हापशेकर:
अजिबात पटलं नाही. तुमच्या सत्तरी तालुक्याचं माप सगळ्या गोव्याला कशाला? माझा फ्लॅट एक्स्चेंजपासून पाचशे मीटरही नाही. एडीएसएल२+ वर १८ मिळायचे, आता ४०. शिवाय बरेच व्हीडीएसएल२ मॉडेम एडीएसएल२+ वरही चालतात, खोक्यावर वाचून घ्या. मग पैसे पाण्यात कसे?

वाळपईकर:
जवळ असाल तर जरूर घ्या. पण दुकानदार अंतर विचारतच नाही, माझा राग त्यावर आहे.

साखळीकर:
मॉडेमचं नंतर बघा, आधी तार बघा. आमच्याकडे आतल्या खोलीतला जोडफोन फिल्टरशिवाय (फोनचा आवाज आणि नेट वेगळं ठेवणारी डबी) होता. घंटा वाजली की नेट तुटायचं. पावसात डीपीच्या (बाहेरच्या तारजोडणीच्या डब्याच्या) जोडात पाणी शिरलं की एसएनआर मार्जिन (गोंगाटापुढे सिग्नल किती तग धरतो तो आकडा) १२ वरून ५ वर.
आणि यूएसबी मॉडेम कुणी फुकट दिला तरी नको. मे महिन्यात वीज पडली, मॉडेम गेला आणि त्याच्यामागून कॉम्प्युटरचा बोर्डही. इथरनेटच्या पोर्टात निदान ट्रान्सफॉर्मरचा आडोसा असतो. तरी गडगडायला लागण्याआधी प्लग आणि फोनची तार, दोन्ही काढायचं. नुसता प्लग काढून भागत नाही.

म्हापशेकर:
यूएसबीचं मान्य. पण जोड दुरुस्त करायला तक्रार देऊन आम्ही दोन महिने थांबलो. मॉडेम बदलणं निदान आपल्या हातात आहे.

साखळीकर:
घरातली तारही आपल्याच हातात आहे की! बाहेरून लाइन येते त्या डब्यापाशी आतलं वायरिंग सोडवा, मॉडेम थेट लावा, वेगाचा आकडा लिहून घ्या. मॉडेम आत आणल्यावर तो आकडा घसरला तर दोष घरात. जुन्याच मॉडेमवर माझे ३ चे ५ झाले.

वाळपईकर:
रविवारी करतो. दोन्ही आकडे इथं टाकीन, खरेदी तोवर थांबवली.