बाराखडी तोंडपाठ, पण ‘मगर’ वाचता येत नाही. घरी मराठी वाचन कसं घ्यावं?

घरचा_अभ्यास:
मुलगा साडेपाच वर्षांचा, शाळा इंग्रजी माध्यमाची. क ते ज्ञ आणि बाराखडी घडाघडा म्हणतो. पण ‘मगर’ लिहून दिलं की म… ग… र… म्हणून थांबतो, शब्द काही लागत नाही. ‘कि’ला ‘इक’ म्हणतो. घ आणि ध तर त्याला एकच. रोज बाराखडी गिरवून घेणं चालू ठेवू का?

पाटीपेन्सिल:
गिरवणं तूर्त थांबवा. आधी तक्ता झाकून अक्षरं इकडची तिकडची विचारा. ‘प’ दाखवल्यावर तो मनात ‘त थ द ध न’ म्हणत तिथवर येत असेल, तर त्याला क्रम येतोय, अक्षर नाही.

वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे. वाचायला शिकवण्यासाठी तो गैरसोयीचा. क ख ग घ ङ शिकून मुलाला वाचायला काय मिळतं? त्याऐवजी क, म, र, ल, न, ग, आ आणि काना एवढाच गट घ्या. यात मगर, नगर, गरम, कान, नाक, गाल, लाल, मामा होतात आणि ‘काकाला राग आला’ हे अख्खं वाक्यही. गटातलं प्रत्येक अक्षर पाहताक्षणी यायला लागलं की पुढची चार-पाच घ्या.

घ-ध, म-भ, य-थ या जोड्या एका गटात कधीच नकोत. एक पक्कं झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी दुसरं. फरक दाखवताना डोक्यावरच्या रेघेवर बोट फिरवायला लावा: घ, म, य यांची सलग असते, ध, भ, थ यांची तुटलेली.

हलंत:
शब्द न लागण्याचं कारण वेगळं आहे. आपण लिहितो ‘मगर’, म्हणतो ‘मगर्’. मूल तिन्ही अक्षरांना पूर्ण ‘अ’ लावतं, त्यामुळे ओळखीचा शब्द कानावर पडतच नाही. आधी दोन अक्षरी शब्द घ्या, आणि लांबवता येणाऱ्या अक्षरांपासून सुरू होणारे: मन, रस, नळ, सर. मध्ये न थांबता ‘मऽऽन्’ असं ओढून म्हणायचं. क, ग, ट लांबवता येत नाहीत, म्हणून त्यांच्यापासून सुरू होणारे शब्द नंतर.

चार अक्षरी शब्दांत दुसरं अक्षरही हलकं होतं: सरबत, करवत, खटपट. तिथे पेन्सिलीने सर/बत अशी रेघ मारून द्या. आठवडाभराने रेघ बंद.

आणि तो अडकला की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच मोजा, मग फक्त पहिलं अक्षर म्हणा.

काना_मात्रा:
‘इक’ होणारच. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. म्हणून ती उशिरा घ्या. मी हा क्रम सुचवेन: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, मग उकार, त्यानंतर पहिली वेलांटी. मराठीत शब्दाच्या शेवटी बहुधा दीर्घच येतं (काकी, पाणी, आजी), त्यामुळे दुसऱ्या वेलांटीला शब्दांचा तुटवडा नाही.

सरकपट्टी करून बघा. जाड पुठ्ठ्यात तीन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा. खिडकीच्या उजव्या कडेला लागून दुसरी वेलांटी काढा. तिची शिरोरेषा आतल्या अक्षराच्या शिरोरेषेशी जुळलीच पाहिजे, नाहीतर मुलाला ती वेगळी खूण वाटते. मागून कागदाची पट्टी सरकवा, तीवर चार-चार सेंटिमीटरवर क, म, न, ल, र. मूल की, मी, नी, ली, री वाचत जातं आणि वेलांटीचं काम एकच आहे हे हाताने कळतं. पहिल्या वेलांटीसाठी वेगळा पुठ्ठा, चिन्ह डावीकडे. बोट मात्र खिडकीतल्या अक्षराखाली.

जोडाक्षरं द्वित्तापासून, म्हणजे तेच अक्षर दोनदा जोडलेल्या शब्दांपासून: चप्पल, गच्ची, पिल्लू. रफार सगळ्यात शेवटी. ‘गर्दी’तला र दिसतो ‘दी’च्या डोक्यावर आणि म्हणायचा आधी, म्हणजे पुन्हा वेलांटीचीच गोची.

घरचा_अभ्यास:
खूप उपयोगी, धन्यवाद. रोज किती वेळ? पुस्तक कुठलं? आणि गट पक्का झाला हे ओळखायचं कसं?

पाटीपेन्सिल:
दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. जांभया सुरू झाल्या की बंद. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी फुकट आहेत. पण चित्र हाताने झाकून आधी ओळ वाचून घ्या, नाहीतर चित्र बघून ठोकून देतात. चार वेळा ऐकलेली गोष्ट पाठ होते, म्हणून मधलाच एखादा शब्द विचारायचा.

तपासायला ‘असर’ या मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणाचा निकष सोपा आहे: पाचातली चार अक्षरं बरोबर आली की शब्द, पाचातले चार शब्द आले की छोटा परिच्छेद.

हलंत:
एक राहिलं. मोबाइलवरच्या बऱ्याच फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, मराठी पाठ्यपुस्तकात ल पाकळीचा आणि श देठाचा. घरचे तक्ते मराठी वळणाचेच ठेवा. दुसरं रूप पडद्यावर दिसलं की ‘हाही लच’ एवढं सांगितलं तरी पुरतं.