पैसे घेतले म्हणून स्वयंसेवक भाडोत्री ठरतो का?

सुहास (दांडिया बाजार)
काल आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलं, दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध चीनसाठी लढलेले अमेरिकन स्वयंसेवक वैमानिक, 'फ्लाइंग टायगर्स', निव्वळ भाडोत्री, पाडलेल्या विमानामागे ५०० डॉलर मिळायचे म्हणून गेले. डोकंच फिरलं. ५०० डॉलर खरे, महिन्याचा ६०० पगारही खरा. पण १९४१मध्ये ही पोरं नोकरीचा राजीनामा देऊन, पासपोर्टवर भलताच धंदा लिहून ब्रह्मदेशात टाउंगूला पोचली, तेव्हा अमेरिका युद्धात नव्हतीच. त्यांचा प्रमुख शेनॉल्टने त्यांना घोटून शिकवलं : जपानी विमानाशी गिरक्या घेत झुंजायचं नाही, आपलं पी-४० लढाऊ विमान जड आहे, उंचावरून सूर मारा, गोळ्या झाडा, तसेच खाली निसटा. नुसत्या पैशासाठी कुणी एवढा जीव धोक्यात घालत नाही.

मंदार_रावपुरा
सुहासराव, पहिली झुंज कधीची? चीनमधल्या कुनमिंगवर, २० डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला ७ तारखेला झाला, अमेरिका युद्धात उतरली. म्हणजे गोळी झाडली तेव्हा युद्ध त्यांचंच होतं. आणि ४ जुलै १९४२ला तुकडी मोडली, तेव्हा अमेरिकन लष्करात भरती होऊन चीनमध्येच राहिलेले वैमानिक मोजकेच. याला काय म्हणायचं?

सुहास
सह्या पर्ल हार्बरच्या आधी झाल्या, ते का गाळता? आणि परतलेले सगळे घरी बसले नाहीत. त्यांच्यातलाच जेम्स हॉवर्ड १९४४मध्ये जर्मनीवर एकटा बॉम्बफेकी विमानांची राखण करत लढला, मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

विभा
माझे आजेसासरे रंगूनला गोदीत कारकून होते. २३ डिसेंबरला बॉम्ब पडले, पुढे चालत आसाम गाठलं. रंगूनजवळच्या मिंगलाडोनच्या धावपट्टीवर जबड्यात दात रंगवलेली विमानं त्यांनी पाहिली होती. ती वर गेली की माणसं खंदकातून डोकं बाहेर काढायची. पगाराची चौकशी कुणी केली नाही, दादा.

पराग_मांडवी
अमेरिकनांचं पुरे, घरचं बोला. ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) १२४ स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानतुकडीचं, नाव 'बडोदा'. का? देणगी आपल्या संस्थानाची. रयतेला विचारलं होतं? सयाजीरावांनी १९०६मध्ये सक्तीचं शिक्षण आणलं, आणि ते जाऊन दोन-तीन वर्षं होतात तोच तिजोरी इंग्रजांच्या स्पिटफायर लढाऊ विमानांमध्ये. माझे पणजोबा शिक्षक, युद्धाच्या महागाईत घरातली भांडी विकली त्यांनी.

विभा
सयाजीरावांच्या नंतर गादीवर आलेल्या प्रतापसिंहांनीच १९४९मध्ये विद्यापीठ दिलं, परागभाऊ. तेही हिशेबात धरा. आणि पैसा हिटलरविरुद्धच गेला ना? त्याच बडोदा स्क्वाड्रनने १९४५मध्ये हॉलंडमधल्या जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्रांच्या तळांवर हल्ले केले.

पराग_मांडवी
हिटलरविरुद्ध! १८ ऑगस्ट १९४२ला, 'चले जाव' चळवळीत, गुजरातेतल्या अडास स्टेशनावर आपल्याच बडोद्याच्या विद्यार्थ्यांवर कुणाच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या? पाच पोरं गेली. एकीकडे त्यांना विमानं द्यायची, दुसरीकडे त्यांच्या गोळ्या खायच्या. याचा राग येत नसेल तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

सुहास
राग मलाही येतो. अडासपुढे मी काही बोलणार नाही. पण तो जाब लंडन-दिल्लीकडे मागा, टाउंगूच्या वैमानिकाकडे कशाला? आणि पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढलेल्या वैमानिक इंद्रलाल रॉयचं काय करता? कलकत्त्याचा पोरगा, १९१८च्या जुलैत दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली, २२ तारखेला गेला, वय १९. मुंबईचे वैमानिक वेलिणकरही त्याच साली फ्रान्समध्ये गेले. तेही साम्राज्याचे भाडोत्री?

मंदार_रावपुरा
रॉयला मी भाडोत्री म्हणणार नाही. हॉवर्डचंही सोडलं. पण टायगर्सपैकी काही करार अर्धवट टाकून परतले, ते विसरून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

पराग_मांडवी
करा तुमचं टायगर्सचं. १२४च्या देणगीचा कागद कुणाकडे असेल तर इथे टाका, त्यात रयतेचं मत कुठे नोंदलंय ते दाखवा. तोवर मी हा मुद्दा सोडत नाही.