'बिनाइन ट्यूमर'ला मराठीत काय म्हणावं?

चाफा: लहान मुलांच्या स्वरयंत्रात होणाऱ्या पॅपिलोमा नावाच्या गाठींबद्दल पालकांसाठी माहितीपत्रक करते आहे. कोशातून 'सौम्य अर्बुद' घेतलं. खर्डा वाचून एका आईने विचारलं, "सौम्य आहे ना, मग ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीत केलं तर?" एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंमुळे होणाऱ्या या गाठी कॅन्सरच्या नव्हेत, हे खरं. पण वाढल्या तर श्वासाची वाट अडते, आणि लेझरने काढल्या तरी पुन्हा पुन्हा उगवतात. हे 'सौम्य'मधून कसं कळणार?

वाटसरू: 'निरुपद्रवी'?

चाफा: श्वास कोंडणारी गाठ निरुपद्रवी कशी?

ताकपोहे: डॉक्टर "साधी गाठ आहे, कॅन्सरची नाही" असंच सांगतात. तेच लिहा. 'अर्बुद' कुणाच्या तोंडी आहे?

अमरकोशी: लिहिलाच नाही तर तोंडी येणार कुठून? सुश्रुतसंहितेत कंठरोगांमध्ये 'गिलायु' आहे: आवळ्याच्या बीएवढी घट्ट गाठ, दुखणं कमी, घास अडकल्यासारखं वाटतं, उपाय शस्त्राचा. इतकं नेमकं वर्णन असताना 'साधी गाठ'वर का भागवायचं?

ताकपोहे: पण पॅपिलोमा म्हणजे गिलायु नव्हे. एका जुन्या शब्दात नवा आजार कोंबला तर पालक आणखी गोंधळतील.

रानजाई: माझ्या भाच्याचा आवाज बसलेला, श्वास घेताना घरघर. बरेच महिने दमा समजून पंप चालू होता. शेवटी नाकातून दुर्बीण घातली तेव्हा स्वरतंतूंवर द्राक्षाच्या घोसासारखं काहीतरी दिसलं. तुकडा तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "आत चामखिळी झाल्यात." आजीलासुद्धा लगेच कळलं. पत्रकात काहीही लिहा, पण बसलेला आवाज सुधारत नसेल तर घशात दुर्बिणीने बघून घ्या, हे ठळक लिहा.

अमरकोशी: चामखीळ हा शब्द 'चर्मकील'वरून. स्वरतंतूंवर चर्म नाही, श्लेष्मल, म्हणजे आतलं ओलसर आवरण आहे.

रानजाई: बोलताना व्युत्पत्ती कोण बघतं? शाई काळी नसली तरी शाईच.

वाटसरू: आमच्याकडे अशा उगवणीला 'मस' म्हणतात. 'स्वरयंत्रातले मस' कसं वाटतं?

ताकपोहे: आमच्याकडे मस म्हणजे मोठा तीळ. तो जन्मापासून असतो.

वाटसरू: तो 'लासा'!

अमरकोशी: लासा जन्मखूण, सपाट. मस उंचवटा.

चाफा: 'सौम्य' काढून 'कॅन्सर नसलेली, पण उपचार लांबवू नये अशी गाठ' केलं, तर शीर्षकात मावत नाही. तिथे काय घालू?

रानजाई: आधी सांगा, स्वरयंत्र घशात की गळ्यात? आई म्हणायची घसा आतला, गळा बाहेरचा.

वाटसरू: मग गाणाऱ्याचा 'गळा गोड' का?