नव्या शिक्षण-प्रणालीवर जाताना मराठीच्या टिपणांचे काय करायचे?

धागा सुरू करणारे : मराठीचे अध्यापक, खानापूर तालुका

आमच्या महाविद्यालयातील सर्व विषयांचे साहित्य येत्या सत्राआधी गूगल क्लासरूमवरून मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीवर हलवायचे ठरले असून त्यासाठी तीन आठवड्यांची मुदत मिळाली आहे. माझा विरोध मूडलला नाही, सर्व विषय एकदम हलवण्याला आहे. मराठी विभागाची कित्येक वर्षांची टिपणे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी आजची पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये, टंकलेली आहेत. २०२० साली टाळेबंदीत आम्ही त्यांच्या पीडीएफ करून चढवल्या, त्यामुळे ती दिसायला ठीक दिसत होती. आता पाठ मजकूर म्हणूनच भरायचा असल्याने जुनी फाइल उघडून मजकूर चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटते, कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात.

रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु जुन्या पद्धतीत रफार अक्षरानंतर टंकला जातो आणि युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी साठवला जातो, त्यामुळे साधन चुकले की ‘धर्म’चा ‘धमर्’ आणि ‘कीर्तन’चे ‘कीतर्न’ होते. गेल्या रविवारी तुकोबांच्या अभंगांवरील दोन पानांचे टिपण तपासण्यात माझी सबंध सकाळ गेली. आपल्या भागातील बहुतेक मुलांच्या हाती मराठीचे शुद्ध छापील पान येते ते वर्गातच, आणि तेथे ‘धमर्’ वाचायला देणे मला मान्य नाही. एकेक विषय हलवावा आणि गूगल क्लासरूमवरचा जुना वर्ग वर्षभर वाचनासाठी खुला ठेवावा, असे माझे मत आहे.

संगणकशास्त्राच्या अध्यापिका, टिळकवाडी, बेळगाव

सर, आपली तळमळ समजते, तरीही मी असहमत आहे. दोन प्रणाली एकाच वेळी चालवल्या की एक असाइनमेंट इकडे, दुसरी तिकडे असा प्रकार होतो आणि इंटर्नलचे गुण भरताना विद्यार्थ्याचे नुकसान होते. शिवाय २०२२ पासून गूगलने शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद करून संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा ठेवली आहे. मूडल हे मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि संपूर्ण अभ्यासक्रमाची बॅकअप फाइल संस्थेच्या हाती राहते.

फॉन्टचा प्रश्न खरा आहे, पण त्यासाठी स्थलांतर रोखण्याची गरज नाही. मजकुराऐवजी पीडीएफ तूर्त तशाच चढवता येतील. मला खरी चिंता वेगळीच वाटते : विद्यार्थ्यांनी जमा केलेली कामे आणि त्यांवरील आपले शेरे आपोआप नव्या जागी येत नाहीत. जुना वर्ग बंद होण्याआधी ती उतरवून घेतली नाहीत, तर पुढे गुणांबद्दल तक्रार आल्यावर दाखवायला काहीच उरणार नाही. सवडीने करू म्हणून पुढे ढकललेले काम मी तरी पूर्ण झालेले पाहिलेले नाही.

निवृत्त ग्रंथपाल, निपाणी

पीडीएफ तशाच चढवाव्यात, हे मत मला पटत नाही. जुन्या फॉन्टमधील पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. आमच्याकडे एक अंध विद्यार्थिनी होती, तिला तिची मैत्रीण रोज दुपारी वाचनालयात टिपणे वाचून दाखवत असे. मैत्रीण आजारी पडली की तिचा अभ्यास थांबे. नव्या जागी जायचेच असेल, तर हा दोष उचलून बरोबर नेऊ नये.

बीएची विद्यार्थिनी, जांबोटी परिसर

सर आणि मॅडम, दोघांनाही नमस्कार. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलची रेंजही जाते, आणि स्कॅन केलेली जड पीडीएफ गावात उतरतच नाही. तेवढाच पाठ मजकूर म्हणून असला, तर कमी रेंजवरही पटकन उघडतो. मूडलच्या ॲपमध्ये पाठ आधी उतरवून नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतात, त्यामुळे कॉलेजमध्ये असतानाच ते घेऊन बसने घरी जाता येईल. म्हणून मला ही प्रणाली लवकर हवी आहे आणि सरांनी म्हटलेली शुद्ध टिपणेही त्यातच हवी आहेत. फक्त वेळ लावलेल्या चाचण्या घरून सोडवायला सांगू नयेत, कारण मध्येच रेंज गेली तर आम्ही काहीही करू शकत नाही.

संगणकशास्त्राच्या अध्यापिका

अंध विद्यार्थिनीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, म्हणून पीडीएफबाबतचे मत मी मागे घेते. मुदत मात्र पाळावी. प्रत्येक विषयाचे पहिले दोन घटक युनिकोडमध्ये तपासून चढवावेत, उरलेले सत्र चालू असताना शिकवण्याच्या क्रमाने भरावेत. चाचण्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच घ्याव्यात. तसेच मूडलसाठी मराठी आणि कन्नड असे दोन्ही भाषांचे पॅक उपलब्ध आहेत, ते पहिल्याच दिवशी बसवून घ्यावेत, म्हणजे बटणांवरील सूचना ज्याला त्याला आपल्या भाषेत वाचता येतील. जुना वर्ग पुनर्मूल्यांकनाचे निकाल लागेपर्यंत ठेवणे पुरेसे आहे.

मराठीचे अध्यापक

दोन घटकांची सूचना मला मान्य आहे आणि जांबोटीच्या मुलीने लिहिलेले वाचल्यावर सर्व विषय पुढे ढकला, असे मी म्हणणार नाही. जुन्या वर्गाबाबत मात्र माझा आग्रह कायम आहे. ज्यांचे विषय राहिले आहेत, ती मुले जुन्या अभ्यासक्रमावर पुन्हा परीक्षेला बसतात आणि त्यांचे साहित्य नव्या प्रणालीवर कोणीच भरणार नाही. त्यांची शेवटची संधी होईपर्यंत तो वर्ग बंद करू नये, एवढी लेखी हमी मी उद्याच्या विभागीय बैठकीत मागणार आहे.